फर्म्यातली खोट

डिझायनर पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तिने कापडाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. ताग्याच्या काठातून एक धागा ओढला, पर्समधून लायटर काढला, धागा पेटवला आणि त्याचा वास घेतला.

"केस जळल्यासारखा येतोय," ती म्हणाली. "म्हणजे लोकरच."

"मग काय, आम्ही सुतळीचे कोट शिवत होतो?" मशीनवरून टाचणीने विचारलं. टाचणी ही दुकानातली सर्वांत जुनी शिवणारी बाई. एकतीस वर्षं ती त्याच खिडकीखाली बसत होती. तिच्या ओठांत दोन-तीन टाचण्या दिसल्या नाहीत तर तिला बरं नाही असं सगळे धरून चालत.

डिझायनर हसली नाही. "मागच्या महिन्यात एका ठिकाणी जुना शिल्लक माल म्हणून मला नवीन कापड दाखवलं. उन्हात टाकून जुनं केलेलं. तेव्हापासून मी कुणाच्या शब्दावर जात नाही."

कापायच्या टेबलामागे उभ्या असलेल्या मास्तरांनी हे ऐकलं आणि त्याच दिवशी तिचं नाव ठेवलं. वासवाली.

दुकान गणवेशांचं होतं. पहारेकरी, टपालवाले, गोदामांचे चौकीदार. थंडीत उघड्यावर उभं राहणाऱ्यांचे लांब, जाड कोट ही मास्तरांची खासियत. पुढे तयार गणवेश खोक्यांतून यायला लागले. ज्या गिरणीत हे कापड विणलं जायचं ती बंद पडली. शेवटच्या मोठ्या ऑर्डरीतलं उरलेलं कापड माळ्यावर गेलं आणि चौदा वर्षं तिथेच राहिलं. अकरा तागे, त्यातले काही अर्धे. मास्तरांच्या सुनेने ते खाली काढून मोजले तेव्हा एकशे वीस मीटर भरले. रंग ओल्या पाटीचा, वीण घट्ट, आणि अंगावर एकाच दिशेला झुकलेली बारीक लव, जी इतकी वर्षं दाबून राहिल्याने जवळजवळ सपाट झाली होती.

डिझायनरला याच कापडाचे, चौकीदारांच्या याच घाटाचे कोट हवे होते. फक्त घोट्यापर्यंत लांब आणि कॉलर दुप्पट रुंद. फॅशन शोमध्ये रॅम्पवर चालणाऱ्या मुली ते घालणार होत्या.

"आजोबांच्या कपाटातून काढल्यासारखा दिसला पाहिजे," ती म्हणाली. "पण आजोबांनी कधी घातला नसता असा."

"आजोबा समजूतदार होते," टाचणी टाचण्यांमधून पुटपुटली.

चोवीस कोट ठरले. एका कोटाला साडेचार मीटर. म्हणजे एकशे आठ. "चुकायला बारा मीटर," सून म्हणाली. असं कापड आता कुठेच मिळणार नव्हतं, त्यामुळे हा आकडा दुकानात सगळ्यांना पाठ झाला.

डिझायनरच्या दोन अटी होत्या. कोट मास्तरांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जुन्या फर्म्यांवरून बेतायचे. आणि पहिला कोट अंगावर नीट बसला नाही, तर उरलेलं सगळं कापड ती घेऊन जाणार आणि दुसरीकडे शिवून घेणार. सुनेने दोन्ही अटी मान्य केल्या. तिच्या हातात एका शाळेच्या पॅन्टांचं सात आठवड्यांचं काम होतं, आणि त्यानंतर काहीही नव्हतं. कोट जमले तर पुढच्या वर्षाचं कामही इथेच येणार होतं. नाही जमले तर टाचणीला आणि दुसऱ्या दोघींना घरी पाठवावं लागणार होतं. हे तिने तिघींना सांगून टाकलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं होतं. तो दुसऱ्या गावी गॅरेजात कामाला होता आणि फोनवर त्याने एवढंच विचारलं, "बाबांना हे सगळं पटलंय का?"

"बाबांना अजून काय पटलंय आजवर?" ती म्हणाली.

फर्मे म्हणजे जाड तपकिरी कागदाचे कापलेले आकार. पाठ, पुढा, बाही, कॉलर. फर्मा कापडावर ठेवायचा, कडेने खडू फिरवायचा आणि कापायचं. दुकानाच्या मागच्या लहान खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यांवर असे एक्केचाळीस फर्मे टांगलेले होते. पॅन्ट-शर्टांचे फर्मे बाहेर मोठ्या टेबलाशी असत. हे कोटांचे. मास्तर कोट बेतायचे ते याच खोलीत, दार लावून.

दार लावण्याला कारण होतं. मास्तरांच्या वस्तादाने त्यांना शिकवलं होतं की फर्मा कधी पूर्ण खरा कापायचा नाही. त्यात खोट ठेवायची. कुठली खूण दोन बोटं सरकवायची, कुठला गळा थोडा चढवायचा. बेतताना ती खोट आपण मनातल्या मनात सुधारायची. मग कुणी फर्मा चोरला तर त्याच्या हाती कागद लागतो, कोट लागत नाही. त्या धंद्यात एका दुकानाचा कारागीर रात्रीतून दुसऱ्या दुकानात जायचा आणि फर्मे सोबत न्यायचा, अशी ती वर्षं होती. मास्तरांनी प्रत्येक कोटाच्या फर्म्यात खोट ठेवली होती. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही, टाचणीला तर नाहीच.

आणि आता वासवाली त्या खोलीत उभी राहून फोनने फोटो काढत होती.

"कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"सुंदर दिसतात, मास्तर. आठवण म्हणून."

ती गेल्यावर मास्तरांनी सुनेला बोलावलं. "फर्म्यांचे अकरा फोटो. कापडाचे दोन. मी मोजलेत. आता सांग, तिला काय हवंय?"

"बाबा, कापड तर ती विकतच घेतेय. त्याचे फोटो कशाला काढेल?"

"मी वेगळं काय म्हणतोय?"

सुनेवरही त्यांचा डोळा होता. ती आणि वासवाली पायरीवर बसून बोलत आणि मास्तर आले की थांबत. शिवाय एका महिन्यात तिने दोनदा म्हटलं होतं, "बाबा, एकदा मला कोट बेतायला शिकवा."

"आधी पॅन्ट नीट येऊ दे," मास्तरांनी सांगितलं होतं. ती नऊ वर्षं पॅन्टा बेतत होती. त्यातली साडेआठ वर्षं नीट.

पायरीवर त्या दोघी काय बोलत, ते मास्तरांना कळलं असतं तर त्यांना आणखी वाईट वाटलं असतं. डिझायनर विचारत होती, मास्तरांचा हात अजून पक्का आहे ना. आणि सून हो म्हणत होती. गेल्या दोन महिन्यांत मास्तरांनी बेतलेल्या चार पॅन्टांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आला होता. सुनेने त्या गुपचूप पुन्हा बेतल्या होत्या. टाचणीला ते माहीत होतं. मास्तरांना नव्हतं.

त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. ऑपरेशनची तारीख पाच महिन्यांपूर्वी मागितलेली, ती मिळाली नेमकी ज्या सोमवारी कोट बेतायला घ्यायचे होते त्याच सोमवारची. ती सोडली तर पुढची आणखी पाच महिन्यांनी.

"तिला सांग आठवडाभर थांबायला," मास्तर म्हणाले.

डिझायनर थांबायला तयार नव्हती. शोची तारीख तिच्या हातात नव्हती. सुनेने तिला सांगितलं, मास्तर सोमवारी सुरू करतायत. मास्तरांना सांगितलं, ती थांबायला तयार आहे. दोन्ही एकाच दुपारी, जिन्यात उभं राहून, पहिलं फोनवर, दुसरं तोंडी.

घर दुकानाच्या वरच होतं. ऑपरेशननंतर पाच दिवस वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कापडाच्या दुकानाइतकी धूळ दुसरीकडे नसते, म्हणून मास्तर वरच्या खोलीत डोळ्यावर पट्टी बांधून पडून होते.

मंगळवारी सकाळी दहा वाजून गेल्यावर त्यांना खालून कात्रीचा आवाज आला.

पॅन्टच्या कापडात कात्री सरसर जाते. जाड लोकरीत ती प्रत्येक घासाला थांबते, आणि मिटताना तिचं खालचं पातं टेबलावर ठक्‌ करून आपटतं. मास्तरांनी तो आवाज चाळीस वर्षं स्वतःच्या हाताखाली ऐकला होता. तो मागच्या खोलीतून येत होता.

दुपारी सून जेवण घेऊन आली.

"खाली काय चाललंय?"

"शाळेच्या पॅन्टा."

"कोण बेततंय?"

"मीच. आणखी कोण बेतणार?"

मास्तरांनी ताट ओढून घेतलं. त्यांच्या मते आता सगळं स्पष्ट झालं होतं. वासवालीने आपला माणूस आणला होता, सुनेने त्याला खोली उघडून दिली होती, आणि म्हातारा पट्टी बांधून पडलाय तोवर काम उरकून घ्यायचं ठरलं होतं. ते ऐकत पडले. त्यांना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांना बरं वाटत होतं. तो जो कोणी होता तो रेषेवरून चालत होता, घाई करत नव्हता, वळणावर कात्री न उचलता फिरवत होता. हात चांगला होता. जितका हात चांगला, तितका कोट बिघडणार होता, कारण फर्म्यातली खोट तो जशीच्या तशी कापत होता. बुधवारी संध्याकाळपर्यंत मास्तरांनी आवाजावरून बाह्यांची चोवीस वळणं मोजली. बारा कोट. जिन्याच्या तोंडाशी येऊन त्यांनी एक शब्द टाकला असता तरी पुरलं असतं. त्यांनी जेवण पुन्हा मागून घेतलं.

शनिवारी डिझायनर पहिला कोट बघायला आली. मास्तरही काळा चष्मा लावून खाली आले. त्या दिवशी खाली यायला त्यांना परवानगी होती आणि आले नसते तर त्यांना चैन पडलं नसतं.

कोट कच्च्या धाग्याने जोडलेला होता. डिझायनर उंच होती. तिने तो स्वतःच अंगात घातला आणि आरशासमोर उभी राहिली.

कोट चुकला होता हे समजायला शिंपी असायची गरज नव्हती. कॉलर मानेपासून सुटून मागे उभी राहिली होती. बाह्या मागे ओढल्या जात होत्या. कुणी पाठीमागून दोन्ही मनगटं धरून ठेवावीत तशी ती दिसत होती.

"मास्तर," डिझायनर आरशातूनच म्हणाली, "हे तुम्ही बेतलंत?"

"मी पाच दिवस वर पडून आहे. तुमचा माणूस कुठाय, त्याला विचारा."

"माझा कुठला माणूस?"

"जो बेतत होता तो."

डिझायनर वळली. तिने मास्तरांकडे पाहिलं, मग सुनेकडे. सून टेबलाच्या कडेला धरून उभी होती.

"मी बेतलं," सून म्हणाली. "बाराही."

मशीन थांबलं. मास्तरांनी काळा चष्मा काढला, मग पुन्हा लावला.

"तुम्ही मला सांगितलं होतं, मास्तर बेततायत म्हणून," डिझायनर म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी दोनच गोष्टी मागितल्या होत्या."

"तारीख चुकली असती. डोळाही गेला असता. लांबी आणि कॉलर तुम्ही सांगितलीत तेवढी वाढवली, बाकी मी फर्म्यावरून सुतभरही हलले नाही, मॅडम. तुम्ही बघा ना." सुनेने न जोडलेली एक पाठ टेबलावर पसरली आणि तिच्यावर फर्मा ठेवला. मग बाही, मग पुढा. कडेला कड जुळत होती. "रेषेला रेष आहे."

"मग हा असा का बसतोय?"

"मला कळत नाहीये."

"मला कळतंय," डिझायनर कोट उतरवत म्हणाली. "तुम्हाला कोट येत नाहीत आणि तुम्ही ते लपवलंत. आता मला हेही कळत नाही की तुमच्या बाकीच्या कुठल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा. बारा कोटांचं कापड गेलं. उरलेलं मी आज घेऊन जाते. टेम्पो बोलावते."

तिने फोन काढला. टाचणी सुनेकडे बघत होती. सून मास्तरांकडे बघत नव्हती. तिने कोट उचलला, उलटा केला आणि खांद्याची शिवण बोटांनी तपासायला लागली. चूक आपल्याच हातात शोधत होती.

मास्तर गप्प राहिले असते तर फर्म्यांचं गुपित राहिलं असतं. सुनेचा हात कच्चा, एवढंच गावभर झालं असतं.

"फर्मा चुकीचा आहे," ते म्हणाले. "मुद्दाम."

डिझायनरने फोन कानापासून खाली घेतला. मास्तरांनी मग सांगितलं. वस्तादांचं, खोटीचं, दार लावण्याचं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. चाळीस वर्षं सांभाळलेली गोष्ट इतक्या लवकर संपते याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. "एकतीस वर्षं मला वाटत होतं, तुम्ही डुलकी काढायला दार लावता."

"कधीकधी तेही."

सून कोट तसाच हातात धरून उभी होती. "बाबा, मी बेतत होते ते वर ऐकू येत होतं?"

"येत होतं."

"लोकर आहे हे कळत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत."

"मला वाटलं, हिचा माणूस आहे."

"म्हणजे मी त्याला दार उघडून दिलं, असं वाटलं तुम्हाला."

डिझायनर खिडकीबाहेर बघायला लागली. टाचणीने टाचण्या एकेक करून परत तोंडात ठेवल्या.

"कोटात किती खोटी आहेत?" सुनेने विचारलं. तिने वही ओढली होती.

"तीन."

"सांगा."

"बाहीची वरची खूण. फर्म्यावर आहे त्याच्यापेक्षा दोन बोटं पुढे धरायची, मग बाही पुढे येते. पाठीचा गळा अर्धं बोट उतरवायचा. त्याला कापड जास्त ठेवलंय, कमी नाही. राग चोरावर असतो, कापडावर नसतो."

"तिसरी?"

मास्तरांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"तीन असतात," ते म्हणाले. "तिसरी आहे. मला माहीत आहे की आहे."

"आठवत नाही?"

"बेतताना आपोआप होते."

डिझायनर आणि सुनेने एकमेकींकडे पाहिलं. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं होतं. म्हातारा अजूनही काहीतरी राखून ठेवतोय.

तरी टेम्पो आला नाही. दोन खोटी सुधारून कोट पुन्हा जोडायला डिझायनरने सोमवारपर्यंत वेळ दिला. टाचणीने रविवारीही काम केलं. सोमवारी डिझायनर येताना एक मोठा दिवा घेऊन आली, रॅम्पवर असतो तसा पांढराशुभ्र उजेड टाकणारा. कोट तिच्या अंगावर बसला. कॉलर मानेला चिकटली, हात मोकळे झाले, पाठ सरळ खाली उतरली. टाचणी म्हणाली, "घ्या. झाला." मग डिझायनरने दिवा लावला.

त्या उजेडात कोट राखी दिसत होता आणि बाह्या जवळजवळ काळ्या.

डिझायनरने आधी दिवा हलवून पाहिला, मग स्वतः हलून पाहिलं. मग कोट काढून टेबलावर ठेवला. "हे दोन वेगळ्या ताग्यांतलं आहे."

"नाही," सून म्हणाली. "प्रत्येक कोट एकाच ताग्यातून घेतलाय. तुकड्यांवर मी नंबर टाकलेत."

"मग रंग दोन कसे? मी स्पष्टच विचारते. यातलं काही कापड तुम्ही नंतर आणून त्यात मिसळलंय का?"

"पेटवून बघा परत," मास्तर म्हणाले. "वास घ्या."

"बाबा, तुम्ही गप्प बसा." सुनेने हे इतक्या साध्या आवाजात म्हटलं की मास्तर खरंच गप्प बसले. ती पुढे म्हणाली, "ही तिसरी खोट आहे. बाहीत आहे. काय आहे, तेवढं सांगा."

मास्तरांनी बाहीचा फर्मा मागितला. एका मोठ्या वर्तमानपत्रावर तो ठेवला, खडू फिरवला, दोन बोटं पुढे खूण केली. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. तिन्ही रेषा एकसारख्या आल्या. त्यात तिसरं काहीच नव्हतं.

"नाटक नाही हे," ते सुनेकडे न बघता म्हणाले. "मी लपवत नाहीये."

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"कागदावर कसं यायचं?" टाचणी म्हणाली. "मला कुणी नुसत्या हवेत टीप मारायला सांगितली तर मला तरी येईल का? कापड द्या ना त्यांना."

डिझायनर लगेच म्हणाली, "नाही. उरलेल्या कापडाला हात लावायचा नाही. यांना एका डोळ्याने दिसतंय."

"बघून करत असते तर त्यांना आठवलं असतं," सून म्हणाली. तिने ताग्याकडे हात केला आणि थांबली. "मॅडम, कापड अजून तुम्ही नेलेलं नाही. तोवर ते माझं आहे. बिघडलं तर माझं बिघडेल."

तिने तागा उचलून मागच्या खोलीत नेला आणि टेबलावर दोन मीटर उलगडला. मास्तर आत गेले. सवयीने त्यांचा हात दाराकडे गेला.

"दार राहू दे उघडं," सून म्हणाली.

तिघी दारात उभ्या राहिल्या. मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले. फर्मा डाव्या हातात घेतला. पण तो कापडावर ठेवण्याआधी त्यांनी उजवा तळहात कापडावरून फिरवला, आधी स्वतःकडे, मग स्वतःपासून दूर. एकदा, दोनदा. मग डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी फर्मा हातातल्या हातात उलटा फिरवला, वरची बाजू खाली, आणि कापडावर टेकवला.

"थांबा," सून म्हणाली.

"आता काय झालं?"

"हात तिथेच ठेवा. बाण बघा."

प्रत्येक फर्म्यावर एक बाण काढलेला असतो. कापडावरची लव बाणाच्या दिशेने खाली गेली पाहिजे, म्हणजे सगळ्या कोटावर उजेड सारखा पडतो. कापडावर मास्तरांनी ठेवलेल्या फर्म्याचा बाण लवेच्या बरोब्बर विरुद्ध होता.

मास्तरांनी चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. "बाण उलटा काढलाय," ते म्हणाले. दुसऱ्या कुणीतरी काढला असावा अशा सुरात. मग सावकाश म्हणाले, "मी बाण कधी बघतच नाही. हाताला लव कळते."

सुनेने बाकीचे फर्मे खिळ्यांवरून काढून पाहिले. पाठीचा बाण खरा होता, पुढ्याचाही. फक्त बाहीचा उलटा. सगळेच उलटे असते तर अख्खा कोट एका रंगाचा झाला असता आणि चोराचं काहीच बिघडलं नसतं. तिने नऊ वर्षं बिनलवेचं पातळ कापड बेतलं होतं. बाण होता म्हणून तिने बाण पाळला होता.

नुकसान किती, ते तिने तिथेच उभं राहून काढलं. बाराही कोटांच्या बाह्या नव्याने बेताव्या लागणार होत्या. चुकायला ठेवलेले बारा मीटर त्याला पुरत नव्हते, थोडंसं कमी पडत होतं. म्हणजे एक कोट सोडून द्यायचा. जुन्या बाह्यांमधून कॉलरच्या आतल्या बाजू निघाल्या असत्या, तिथे लव कुणाला दिसत नाही.

"तेवीस होतील," ती डिझायनरला म्हणाली. "नव्या चोवीस बाह्या आणि उरलेले अकरा कोट बाबा माझ्यासमोर बेततील. किंवा मी त्यांच्यासमोर. तुम्हाला न्यायचं असेल तर आत्ता न्या. पण मग फर्मे मिळणार नाहीत."

डिझायनरने पर्समधला फोन काढून टेबलावर ठेवला. "आता मीही एक सांगते. फर्म्यांचे फोटो मी आठवण म्हणून काढले नव्हते. पुढच्या वर्षी हाच घाट दुसऱ्या कापडात करायचा विचार होता. दुसऱ्या कारखान्यात. तुमचं नाव मात्र दिलं असतं."

मास्तर टाचणीकडे वळले. "बघ. मी काय म्हणत होतो?"

"म्हणत होता, म्हणत होता," टाचणी म्हणाली. "आणि सापडलं कोण तुमच्या पिंजऱ्यात, ते पण बघा."

"फोटो काढून टाकते," डिझायनर म्हणाली.

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "त्यात बाही उलटी आहे."

डिझायनर पहिल्यांदा हसली. पण थोडंच. तेवीस कोटांना तिने होकार दिला. पुढच्या वर्षाचं काम इथेच होईल असं कागदावर लिहून द्यायला सुनेने सांगितलं, तेव्हा तिने ते लगेच दिलं नाही. शो झाल्यावर बघू, म्हणाली. सुनेने मान हलवली आणि तागे मोजून मागच्या खोलीत घेतले. त्या खोलीची किल्ली तिने स्वतःकडे ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मास्तर खाली आले. टेबलावर कापड पसरलेलं होतं आणि सून वही घेऊन समोरच्या बाजूला स्टुलावर बसली होती.

"या कोटाच्या तीन झाल्या," ती म्हणाली. "बाकीच्या फर्म्यांमधल्याही मला हव्यात. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. रोज एक घेऊ."

"घेऊ."

"आणि सांगताना एखादी मागे ठेवाल. मला खात्री आहे."

मास्तरांना हे लागलं. त्यांनी खडू उचलला, परत ठेवला. नाही म्हणायला ते तयार झाले होते, पण नाही म्हणता येईल याची त्यांना स्वतःलाच खात्री वाटेना. काय ठेवलंय ते आठवलं तरच सांगणार.

"मी सांगतो त्यावर जाऊ नकोस," ते शेवटी म्हणाले. "बेतताना बघत राहा. आणि तिथे बसलीस तर माझा अंगठा दिसणार नाही. या बाजूला ये."

ती उठली आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. मोजपट्टी तिने सोबत आणली होती. मास्तरांनी पहिली रेष मारली. त्यांना दुसऱ्या रेषेकडे जाऊ देण्याआधी तिने पहिली मोजून पाहिली.